हृषीकेशची कळ

हृषीकेश टेबलावर पालथा पडला होता आणि वरच्या पडद्यावर त्याच्या कण्याचं चित्र उमटलं होतं. त्याची बायको मृणाल उशाशी बसली होती. डॉक्टर इरा सबनीस यांनी स्वतःच्या कमरेला पट्टा बांधला. रुग्णाची कळ जशीच्या तशी डॉक्टरांच्या अंगात उतरवणारा तो पट्टा सुरू होताच त्या कळवळल्या आणि त्यांनी पडद्यावर एका मणक्याजवळ बोट ठेवलं.

"इथंच ना? आणि खाली पोटरीपर्यंत, तापलेली तार ओढल्यासारखी."

"अगदी तशीच," हृषीकेश म्हणाला. "इतक्या वर्षांत कुणाला तरी कळलं."

मृणालला ते झोंबलं. रोज त्याच्या पाठीला तेल चोळायची ती. 'हं, तिथंच,' असं तो म्हणायचा. पण तिचा हात कायम चार बोटं वरच पडायचा, हे आज या परक्या मुलीमुळे उघड झालं होतं.

"सुई तिथं पोचली की ही कळ कायमची जाईल," डॉक्टर म्हणाल्या.

"त्याआधी तो पट्टा मला द्या."

"अगं, नको तुला ते," हृषीकेश म्हणाला.

"डॉक्टरांना चालतं, मग मला का नको?"

डॉक्टरांनी नाइलाजाने पट्टा तिच्या कमरेला बांधला. कळ अशी आली, की मृणालने टेबलाची कड घट्ट धरली. डॉक्टर पट्टा सोडायला पुढे झाल्या, तसा तिने त्यांचा हात बाजूला सारला.

"थांबा," ती दात आवळून म्हणाली. "तुमच्यापेक्षा थोडा जास्त वेळ राहू दे."