ताडपत्रीची पिशवी

"आता त्यात काटे भरा," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. सगळं सुरळीत चाललं होतं. ओल्या पाल्याने गच्च भरलेली पिशवी दोन माळ्यांनी अख्ख्या बागेतून फिरवून आणली होती. कुठे शिवण उसवली नव्हती की बंद ताणला नव्हता. बागेचे साहेब होकार देणार, एवढ्यात या मध्ये पडल्या.

"कसले काटे, आजी?" साहेबांनी विचारलं.

"कुंपणाची बोगनवेल छाटलीय ना तुम्ही? त्या फांद्या घाला की. नुसत्या पाल्याला काय, उशीचा अभ्रासुद्धा पुरतो."

माळी हसले. सुनेला काही हसू आलं नाही. तिचा धंदा ट्रकच्या ताडपत्र्या शिवण्याचा. टाकून दिलेल्या ताडपत्रीतला धड भाग कापून त्यातून बागेसाठी पिशव्या शिवायच्या, हे खूळ तिच्याच डोक्यातलं. या बागेत रोज ढीगभर काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या लागत. भरायच्या, बांधायच्या, फेकायच्या. पाला आतल्या आत सडायचा, त्याचं धड खतही व्हायचं नाही. तिची पिशवी मात्र रिकामी करून झटकली की पुन्हा कामाला हजर. आज साहेब हो म्हणाले तर शहरातल्या सगळ्या बागांच्या पिशव्या तीच शिवणार होती. नाही म्हणाले तर उद्यापासून पुन्हा लोकांच्या ताडपत्र्यांना ठिगळं.

आणि सासूबाई पहिल्या दिवसापासून नाक मुरडत होत्या. "कचऱ्याचे कसले एवढे लाड!" परसात वापरायला सुनेने हौसेने दिलेली पिशवी त्या आठ दिवसांत फाडून परत आणायच्या. कधी बंद तुटलेला, कधी तळ गेलेला. "ही घे तुझी पिशवी," एवढंच म्हणायच्या आणि चालू लागायच्या. सून मनातल्या मनात बोटं मोडायची आणि पुन्हा मशीनवर बसायची. आज तर कोणी बोलावलं नसताना त्या तिच्या आधी रिक्षात जाऊन बसल्या होत्या.

बोगनवेलीच्या फांद्या कोंबून झाल्या. सासूबाईंनी त्या काठीने खाली दाबल्या आणि फर्मान सोडलं, "पायऱ्यांवरून ओढा." दगडी पायऱ्यांवरून पिशवी धडधडत खाली आली. साहेबांनी ती रिकामी करून घेतली आणि आतबाहेर हात फिरवून पाहिला. एका काट्याने आतला पदर भेदला होता. बाहेरच्या पदराने त्याला तिथेच अडवलं होतं.

"वा!" साहेब मनापासून म्हणाले. "बास, आजी. पटलं मला."

"एवढ्यात कसं पटलं? ओली माती भरली की माणसाएवढं वजन होतं. तुमचे माळी काय तोलून भरणार आहेत?" असं म्हणून सासूबाईंनी पायातल्या चपला काढल्या आणि झटकलेल्या पिशवीत जाऊन चक्क मांडी ठोकली. "हं, उचला."

सून पुढे सरसावली. पायऱ्यांचा दगड समोरच होता आणि बाईंचं वय सत्तरीच्या पुढचं. "आई, नको! कंबर मोडेल तुमची. काम गेलं खड्ड्यात, तुम्ही आधी बाहेर या!"

"उचला म्हणते ना!"

माळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. शेवटी दोघांनी बंद धरले आणि पिशवी अलगद वर उचलली. बंद नुसते काठाला शिवलेले नव्हते. ते तळाखालून फिरवून दोन्ही अंगांनी वर आणले होते. सगळा भार त्यांनी झोळीसारखा तोलून धरला. एक टाका कुरकुरला नाही. सासूबाई आत टोपलीतल्या भोपळ्यासारख्या ऐटीत बसल्या होत्या. माळ्यांनाही चेव आला. त्यांनी आजींना कारंज्याभोवती एक फेरी मारून आणली आणि हळूच खाली ठेवलं. सून धावत गेली आणि तिने त्यांना दोन्ही हातांनी उठवलं.

साहेब आता खदखदून हसत होते. "लागा शिवायला, बाई. सगळ्या बागांसाठी! पण आजी, खरं सांगा, एकदाही वाटलं नाही ही फाटेल म्हणून?"

"कशी फाटेल?" चपलेत पाय सरकवत सासूबाई म्हणाल्या. "जिथे जिथे कच्ची होती तिथे तिथे मीच मुद्दाम फाडून देत होते. आता फाडायला जागाच ठेवली नाही माझ्या पोरीने."