हाजिर
लोहाऱ्यापलीकडची हवेली आधी जहागीरदाराची होती, पुढं तिच्यात निजामाची कचेरी आली. सरकारला सक्तीनं घालायचं लेव्हीचं धान्य कमी पडलं म्हणून हणमंतप्पाला एकदा तिथं बोलावलं होतं. तो परतला तो लंगडतच. निजामी संपली आणि त्याच दिवाणखान्यात शाळा भरली. लेकीला, शांतम्माला, वर्गात सोडून हणमंतप्पा चिंचेखाली बसला. “त्या घराचा भरवसा न्हाय. कुणी आवाज चढवला तर घरी नेतो तुला,” त्यानं बजावलं होतं. आत मास्तरांनी हजेरी सुरू केली. “शांतम्मा हणमंतप्पा!” पायताणं हातात घेऊन हणमंतप्पा तडक उठला, उंबऱ्याशी वाकला, डोळे मिटून म्हणाला, “हाजिर, सरकार!” वर्ग खदखदा हसला. शांतम्मा मात्र उठली. बापाच्या हातातली पायताणं घेऊन तिनं त्याच्या पायाशी ठेवली. “अप्पा, तुमाला न्हाय, मला बोलावलंय. तुमी रानात जावा.” मास्तरांकडं वळून ती मोठ्यानं म्हणाली, “हाजिर!”