टाकीवरची शेळी

येडगावच्या धरणाकाठी ठमाबाईच्या दहाव्याचा पिंड ठेवून बराच वेळ झाला होता. बाभळीवर कावळे बसले होते. एकही खाली येत नव्हता.

"आई, तुझी गाय विकणार न्हाई," मुलगा सुनील हात जोडून म्हणाला.

"तुझ्या नातीला मी संभाळीन, अक्का," धाकटी बहीण कोंडाबाई म्हणाली.

एका कावळ्यानं फांदीला चोच पुसली आणि तोंड दुसरीकडं केलं.

"तिच्या मनात काय राह्यलं असंल?" कुणीतरी विचारलं.

ठमाबाईचा नवरा कुशाबा खाली मान घालून बसला होता. काय राहिलं ते त्याला ठाऊक होतं.

सुनीलनं कॉलेजात असताना चुलीमागच्या भिंतीला एका रॉक बँडचं पोस्टर चिकटवलं होतं. चार केसाळ गोरे. ते कोण, हे कुशाबालाही माहीत नव्हतं. पण ठमाबाईनं विचारलं, म्हणून ती भाकरी थापत असताना तो रोज काहीतरी ठोकून द्यायचा. सगळ्यात लांब केसांचा मूळचा घाटाकडच्या धो-धो पावसाच्या मढचा, म्हणून पावसात त्याची गिटार गंजत नाही. गाणारा वांगं खात नाही, खाल्लं की आवाज तिखट होतो. ढोल बडवणाऱ्याच्या शेळीनं गाण्याचा कागद खाल्ला, तेव्हापासून ती सुरात ओरडते. ठमाबाई हे सगळं गावभर सांगायची.

दवाखान्यात शेवटच्या रात्री तिनं अर्धवट राहिलेली गोष्ट विचारली होती, "शेळी पाण्याच्या टाकीवर चढली. मग?"

तो थकला होता. "कसली शेळी? सगळं खोटं व्हतं. झोप."

"खोटं आसू दे," ती म्हणाली होती. "पर उतरली कशी?"

त्यानं कूस बदलली. सकाळी ती नव्हती.

कुशाबा उठला आणि पिंडाजवळ जाऊन उकिडवा बसला.

"तर शेळी टाकीवर," तो म्हणाला.

"आप्पा, काय बोलताय?" सुनील पुढं आला.

"सरपंच म्हणला, पोलीस बोलवा. ढोलवाला म्हणला, पोलिसाला सूर कळत न्हाई. मंग चौघं टाकीखाली हुभं राह्यलं आन् वाजवाया लागलं. लई बेसूर. मुद्दाम. वर शेळीला काय सहन हुईना..."

कोंडाबाईला हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला.

बाभळीवरून एक कावळा उतरला. त्यानं भाताला चोच लावली.

"शिवला! शिवला!"

लोक भराभर उठले. सुनीलनं बापापुढं हात धरला. "चला आप्पा. शिवला की."

कुशाबा जागचा हलला नाही.

"तुमी व्हा पुढं," तो म्हणाला. "शेळी अजून टाकीवरच हाय."