हळदीची सरासरी

वरच्या ऑफिसातले साहेब, यंत्रं पाठवलीत तुम्ही, अन् ती एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून नोटीस मात्र धाडलीत प्रज्ञाला!

कुरुंद्याच्या हळद तपासणीच्या प्रयोगशाळेत प्रज्ञा खिल्लारे कंत्राटावर आहे. हळदीचा एकच नमुना तिनं दोन्ही यंत्रांत घातला. स्पेक्ट्रोफोटोमीटरनं शून्य पॉइंट पाच दाखवलं, फ्लोरोमीटरनं सहाशे. तिनं ते इमानानं लिहून पाठवलं. उत्तर आलं: "आकड्यांत गंभीर तफावत आहे. दोन्हींची सरासरी काढून सात दिवसांत लेखी कळवावे, अन्यथा कंत्राट वाढवले जाणार नाही."

"काढून टाका ना बाई सरासरी," शिपाई जळबाकाका म्हणाले. "काहून तकलीफ करून घेऊन राहिल्या?"

"काका, एक यंत्र हळदीनं किती उजेड गिळला ते मोजतं, अन् दुसरं किती उजेड परत ओकला ते. त्याची सरासरी काय काढू?"

"म्हंजी गिळलेलं अन् ओकलेलं मिळून जेवण किती झालं, व्हय?" जळबाकाका पोट धरून हसले.

प्रज्ञा हसली नाही. घरात पगार तिचा एकटीचाच येतो. सातव्या दिवशी ती समोरच्या दवाखान्यात जाऊन आली, अन् हुकमाप्रमाणे सरासरी काढून साहेबांना पाठवली.



"माझी उंची एकशे बावन्न सेंटिमीटर, वजन अठ्ठेचाळीस किलो, सरासरी बरोबर शंभर. साहेब, हे शंभर म्हणजे काय, ते सात दिवसांत लेखी कळवावे."