घड्याळाची जागा

पडद्याच्या फटीतून मी प्रेक्षागृहात पाहिलं. पहिल्या रांगेत माझा नवरा बसला होता, शेजारी आमची सात वर्षांची जुई.

मी प्रॉम्प्टिंग करते, एवढंच त्याला ठाऊक. हे नवं नाटक माझंच आहे, हे फक्त दिग्दर्शक मोघेकाकांना माहीत होतं. लेखिका म्हणून भलतंच नाव लावलं होतं. पण पहिल्या प्रयोगाची पहिली रांग घरच्यांची, हा आमच्या संस्थेचा रिवाज. काकांनी मला न सांगताच कौतुकाने पास घरी पोचवले होते.

मुख्य भूमिकेतल्या नटाला गाठायला मी मेकअप रूमकडे धावले. “निशिकांत, आज ते घड्याळ काढू नकोस रे.”

“अहो ताई, तीच तर जागा आहे! अख्खं थिएटर चिडीचूप होईल. आणि तुम्हीच तर बसवून दिलीत.”

खरं होतं. घड्याळ संहितेत नव्हतंच. तालमीत तो नुसता ओरडायचा, म्हणून बायकोवर हात उचलण्याआधी माणूस मनगटावरचं घड्याळ किती शांतपणे उतरवतो, ते मीच करून दाखवलं होतं.

तिसरी घंटा झाली. विंगेतून मी नवऱ्याचा चेहरा तेवढा बघत राहिले. जुईची काळजी नव्हती. घरी हे सगळं होतं तेव्हा ती गाढ झोपलेली असते.

निशिकांतने घड्याळ सावकाश काढलं आणि टेबलावर ठेवलं. नवरा हललासुद्धा नाही.

जुईने मात्र डोळे मिटले आणि दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून धरले.