वाकड्या हाताचा संसार

चेंचोचा तोही बाण उजवीकडेच गेला. निशाण्याच्या फळीशेजारी उभे असलेले, समोरच्या संघातले वरच्या गावचे गडी अंगातले गुडघ्यापर्यंतचे घो सावरत नाचायला लागले. "चेंचोभाऊ, ते बटाट्याचं शेत! फळी इकडं आहे, इकडं!"

चेंचोने आधी वाऱ्याला दोष दिला होता, मग बाणाच्या पिसांना, मग बायकोने न्याहारीला केलेल्या मिरच्यांच्या रश्शाला. आता दोष द्यायला बिचारं कुणी उरलं नव्हतं. इतकी वर्षं तो अडाण्यासारखा मारायचा, तेव्हा बाण लागत होते. यंदा हौस आली. थिंफूला जाऊन रीतसर शिकून आला. मूठ आवळायची नाही, धनुष्य तळहाताला नुसतं टेकवायचं. शिकला आणि बिघडला!

सामना बरोबरीत होता आणि शेवटचा बाण त्याचाच होता. कप्तान गेम्बो त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. पण मैदानावर कसलं आलंय नातं?

"दाजी, हा चुकला तर पुढच्या साली तुम्ही संघात नाही. चहा वाटायला या."

"अरे, धनुष्यच दगा देतंय!"

गेम्बोने धनुष्य ओढून घेतलं, त्यावरची नेम धरायची खूण डोळ्यासमोर धरली. "ही साईट एवढी डावीकडे कुणी सरकवली?"

"मीच. फार पूर्वी. तेव्हा सगळे बाण डावीकडे जायचे. साईट डावीकडे नेली की बाण उजवीकडे येतो, म्हणून..." चेंचोने आपल्या मुठीकडे पाहिलं. डावीकडे का जायचे? मूठ आवळायचा म्हणून! वाकडा हात आणि वाकडी साईट, दोघांचा संसार इतकी वर्षं गुण्यागोविंदाने चालला होता. यंदा हात एकटाच सुधारला आणि घर मोडलं.

"थांब, साईट सरळ करतो."

"आता? अंदाज घ्यायला बाण कुठं शिल्लक आहेत?"

चेंचोने थिंफूच्या गुरुजींची मनोमन माफी मागितली. अडून बसलेल्या याकचं दावं धरावं तशी मूठ आवळली आणि बाण सोडला.

खट्! फळीच्या मधोमध.

संघ गोल धरून गायला लागला. गेम्बोने मानाचं रंगीत वस्त्र त्याच्या कमरेला खोचलं. चेंचोचे डोळे भरून आले, छाती फुगली. "बघितलंस? आता घरी जातो, साईट सरळ करतो, हातही पुन्हा नीट बसवतो. पुढच्या साली बघच तू!"

गेम्बोने त्याचे दोन्ही हात धरले.

"दाजी, पाया पडतो तुमच्या. पुन्हा सुधारू नका!"