लांबलेलं काम

बाबा प्लॅनिंग इंजिनिअर होते. काम एक दिवस जरी लांबलं, तरी सगळ्यांना फैलावर घ्यायचे. निवृत्तीनंतर मात्र दर सोमवारी लॅपटॉपवर एकच फाइल उघडून बसायचे. तीत ठरलेल्या मुदतीची निळी पट्टी केव्हाच संपली होती आणि प्रत्यक्षातली लाल पट्टी पुढे पुढे चालली होती.

"आज किती उशीर?" एकदा मी विचारलं.

"दोनशे बारा दिवस!" म्हणत बाबांनी टाळीसाठी हात पुढे केला.

"दुसऱ्या कोणी केला असता, तर घर डोक्यावर घेतलं असतंत."

"मग पाठव की मला नोटीस!"

परवा त्या फाइलीत शेवटची तारीख मी भरली. डॉक्टरांनी दिलेली मुदत बाबांनी चांगली चारशे सात दिवसांनी चुकवली होती.